आर्नच्या माळावर: डार्टफर्ड वॉर्बलर आणि रातवा

लंडनमधल्या मराठी पक्षीमित्रांना वसंतात एकच सहल करायची असेल, तर मी दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डॉर्सेटमधल्या आर्नचं नाव सांगेन. पूल हार्बरच्या उथळ खाडीत घुसलेला हा जमिनीचा तुकडा १९६०च्या दशकापासून आरएसपीबी ही पक्षी-संरक्षण करणारी ब्रिटिश संस्था राखते आहे. मी गेलो मेच्या मध्यावर. गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि ऊन चढलं तसा त्यांचा चक्क ओल्या खोबऱ्यासारखा वास सुटला. माळावरचं हेदर हे जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप मात्र ऑगस्टमध्ये फुलतं, त्यामुळे जांभळ्या माळाच्या अपेक्षेनं वसंतात जाऊ नका.

आर्नला जायचं ते मुख्यतः डार्टफर्ड वॉर्बलरसाठी. वर राखाडी, खाली गडद लाल, डोळ्याभोवती लाल कडं आणि आपल्या शिंप्यासारखी उभारलेली लांब शेपटी. हा पक्षी कीटक आणि कोळी खातो, तरी हिवाळ्यात स्थलांतर करत नाही. म्हणून १९६२-६३च्या भयंकर थंडीत तो ब्रिटनमधून जवळजवळ संपलाच होता. जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. आज तो इथे गाताना दिसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याला शोधायची युक्ती अशी: आधी गप्पीदास शोधा. स्टोनचॅट हा आपल्या गप्पीदासाचाच भाऊबंद, झुडपाच्या शेंड्यावर उघडा बसतो, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा आवाज करतो. वॉर्बलर बऱ्याचदा त्याच्या मागेमागे फिरतो, कारण धोका दिसला की गप्पीदास आधी ओरडतो. तो दिसला की दुर्बीण त्याच्या खालच्या झुडपावर धरा आणि थांबा. मला आर्नमधल्याच कूम हीथ या माळाच्या बाजूला असाच दिसला. आधी घोगरी, खरखरीत चिर्र ऐकू आली, मग नर गॉर्सच्या टोकावर येऊन गायला. सकाळ वाऱ्याची असेल तर तो झुडपातून वर येतच नाही. हवामान बघूनच दिवस ठरवा.

पायवाट सोडू नका, हे कळकळीनं सांगतो. रातवा हा निशाचर पक्षी आणि वुडलार्क हा चंडोल जमिनीवर घरटी करतात आणि वॉर्बलरचं घरटंही झुडपात अगदी खाली असतं. आपल्याकडे मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची सवय अनेकांना आहे. इथे ते अजिबात करू नका. घरट्याजवळच्या डार्टफर्ड वॉर्बलरला त्रास देणं हा कायद्यानं गुन्हा आहे. आगीबद्दलही तितकीच काळजी घ्या. मे २०२०मध्ये जवळच्या वेअरहॅम फॉरेस्टमध्ये मोठा वणवा लागून २०० हेक्टरच्या आसपास भाग जळाला. वाळलेलं हेदर किती झटकन पेटतं, हे तिथल्या लोकांनी पाहिलं आहे.

हा माळ आपोआप टिकलेला नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसानं जंगल तोडलं, गुरं चारली, त्यातून तो तयार झाला. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं त्याला गिळून टाकतात. म्हणून कुठे झाडं कापलेली दिसली तर हळहळू नका, ते काम वॉर्बलरसाठीच चाललेलं असतं.

दुपारी वाळूच्या उघड्या कडांवर सँड लिझर्ड हा सरडा शोधा, वसंतात नराच्या कुशी हिरव्यागार होतात. खाडीकडे तोंड करून बसलात तर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी दिसण्याची शक्यता आहे. २०२२मध्ये पूल हार्बर परिसरात त्यांची पिल्लं झाली, दक्षिण इंग्लंडमध्ये जवळपास दोन शतकांनी.

सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो आणि रातवा त्यानंतर अर्ध्या तासानं सुरू होतो. एकसुरी, न थांबणारी घरघर, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कारण तो डोकं फिरवत गातो. यासाठी रात्री वेअरहॅममध्येच मुक्काम करा. लंडनच्या वॉटर्लूहून वेअरहॅमला थेट गाडी मिळते, सव्वादोन-अडीच तास लागतात. स्टेशनपासून आर्न सहा-सात किलोमीटर. सायकल सोयीची, नाहीतर टॅक्सी परतीसाठीही आधीच सांगून ठेवा. गाडीनं गेलात तर पार्किंग बंद होण्याची वेळ पाहून घ्या. पूर्ण लांबीची पँट घाला आणि तिचे पायचे मोज्यात खोचा, गोचिडी भरपूर आहेत आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. मुक्कामी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीला लागून पकडून सरळ वर ओढायची.