तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिथे इतकी कमी माणसं का?’

तुवालू, नौरू, नियुए अशी प्रशांत महासागरातल्या बेटांची नावं निघाली की हा प्रश्न येतोच. उत्तरही विचारणाराच देऊन टाकतो: ‘एवढीशी बेटं, राहणार कुठे?’ मला याचा राग येतो. तुवालूचं क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर, लोक सुमारे ११ हजार. म्हणजे दर चौरस किलोमीटरला चारशेहून जास्त. ही का विरळ वस्ती? नियुए त्याच्या दहापट मोठं, आणि तिथे दोन हजारही माणसं नाहीत.

रागाचं खरं कारण वेगळं आहे. वीस वर्षं भूगोल शिकवताना मीही हेच सांगत आले. प्रवाळबेटांवर नदी नाही, माती नावापुरती, पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून असतं. एकदा एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग मालदीवमध्ये पाच लाख लोक कसे? तीही प्रवाळबेटंच ना?’ मला उत्तर येत नव्हतं. ‘तो अपवाद आहे,’ म्हणत मी तिला खाली बसवलं. पुढे वर्षभर तिनं हात वर केला नाही. ते मला दिसत होतं, तरी मी काही केलं नाही.

त्यानंतर कधीतरी नुकुलाएलाएबद्दल वाचलं. तुवालूतलंच हे बेट. १८६१ साली तिथे ३०० माणसं होती. १८६३ मध्ये पेरू देशासाठी मजूर पळवणारी जहाजं आली. देवाधर्माचं शिक्षण मिळेल असं सांगून सुमारे २५० जणांना नेलं. शंभरसुद्धा मागे उरले नाहीत. आणि मी फळ्यावर लिहीत होते: ‘कारण: गोड्या पाण्याचा अभाव.’

मग आता ‘माणसं नेली म्हणून’ असं सांगू? पण नियुएची अलीकडची वस्ती घटली ती कुणी कुणाला ओढून नेल्यामुळे नाही. १९६६ मध्ये तिथे पाच हजारांवर लोक होते. न्यूझीलंडचं नागरिकत्व होतंच, विमानतळ झाला, घरंच्या घरं निघाली. २०१८च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये स्वतःला नियुएचे म्हणवणारे तीस हजारांवर भरले. लोक कमी झाले नाहीत, दुसरीकडे राहायला गेले.

एवढं म्हणते, आणि २०११ आठवतं. पाऊस नाही म्हणून तुवालूत आणीबाणी जाहीर झाली, खारं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानानं आणावी लागली. म्हणजे फळ्यावरचं ते वाक्यही मला पुसता येत नाही.