भाव येण्याची वाट

2010 साली मी घेतलेल्या शेअरचं नाव इथे लिहीत नाही. रस्ते बांधणारी आणि वीजप्रकल्पांत उतरलेली कंपनी होती, एवढं पुरे. माझी रिकरिंग सुटली होती आणि पेपरात सारख्या नव्या महामार्गांच्या बातम्या असायच्या. 62 रुपयांनी हजार शेअर घेतले. भाव 30 वर आला तेव्हा अ‍ॅव्हरेज करायला म्हणून आणखी हजार घेतले. सरासरी पडली 46, अडकले 92 हजार.

घेतल्याची हळहळ फारशी नाही. तेव्हा सगळेच घेत होते. हळहळ आहे ती मे 2014 ची.

लोकसभेचा निकाल लागला आणि बांधकाम-वीज क्षेत्रातले शेअर उसळले. माझा 12 वर लोळत होता, तो बघता बघता 34 वर गेला. हे म्हणाले, "काढून टाक आता. कर्ज किती आहे बघितलंस का त्यांच्यावर?" मी म्हटलं, "अहो, 46 तर येऊ द्या. मुद्दल तरी सुटेल." तेव्हा विकले असते तर 68 हजार हातात आले असते. धाकटीच्या डिप्लोमाची पूर्ण फी त्यात भागली असती. ती आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून भरली.

46 हा आकडा फक्त माझ्या हिशेबाच्या वहीत होता. बाजाराला, कंपनीला, तिला कर्ज देणाऱ्या बँकांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या वर्षीचा वार्षिक अहवाल घरीच होता. पुढे कधीतरी तो नीट वाचला. वित्त खर्चाच्या ओळीवर नजर गेली आणि पोटात गोळा आला. धंद्यातून 100 रुपये सुटत होते, तर व्याज जात होतं 130 च्या घरात. म्हणजे व्याज भरायलाच नवं कर्ज. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या मालकांनी, स्वतःचे बहुतेक शेअर कर्जासाठी तारण ठेवलेले होते. भाव पडला की सावकार ते तारण बाजारात विकतो, मग भाव आणखी पडतो. हा तारणाचा आकडा एक्सचेंजच्या साइटवर दर तिमाहीला कुणालाही बघता येतो. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं, तेव्हा आमच्या कंपनीच्या वीजप्रकल्पाचं उरलंसुरलं गणितही कोलमडलं.

आणि जे मला सगळ्यात उशिरा उमगलं ते हे. जून 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली, की थकलेलं कर्ज भागभांडवलात बदलून, म्हणजे कर्जाच्या बदल्यात नवे शेअर घेऊन, कंपनीत बहुमत घ्या. आमच्या कंपनीत ते झालं आणि शेअरची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. आता 46 परत यायचा तर कंपनीचं एकूण मोल पूर्वीच्या तिप्पट व्हायला हवं होतं. ज्या भावाची मी वाट बघत बसले होते, तो भाव देणारी कंपनीच उरली नव्हती.

लोक अजून मला पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण देतात. मार्च 2020 मध्ये 2 रुपयांच्याही खाली गेलेला तो शेअर सप्टेंबर 2024 मध्ये 80 च्या वर पोचला, कंपनीचं कर्जही फिटलं. खरंच कौतुकाची गोष्ट आहे. पण जानेवारी 2008 मध्ये ज्यांनी तो 400 च्या वर घेतला, त्यांचा भाव या तेजीतही आला नाही. मधल्या काळात शेअरची संख्या कितीतरी पट वाढली होती. दुसरीकडे डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी. पिरामल समूहाने ती दिवाळखोरीतून घेतली तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आलं, आणि जून 2021 मध्ये व्यवहार थांबेपर्यंत लोक तो शेअर घेत होते. दिवाळखोरी कायद्यात पैसे मिळण्याची रांगच तशी आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणवाल्या बँका आणि कामगारांची देणी, मग इतर देणेकरी आणि सरकार, आणि अगदी शेवटी आपण भागधारक. गहाण पडलेलं घर विकलं तर आधी बँक आपलं वसूल करते, तसंच.

माझी कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायला काढली. डीमॅट खात्यात 2000 शेअर अजून दिसतात, पण व्यवहार बंद आहेत. 2018 नंतर शेअरमधला दीर्घकालीन तोटा पुढच्या 8 वर्षांच्या तशाच नफ्यातून वजा करता येतो, पण त्यासाठी आधी शेअर विकले जायला हवेत. व्यवहार बंद होण्याआधी दीड रुपयाला का होईना, घेणारे होते. तेव्हाही मी थांबले.

गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, एक शेअर घेतेय, 9 रुपयांचाच आहे, कुठे पडणार अजून?" मी कर्ज विचारलं, व्याज विचारलं, प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत ते विचारलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी ती जेवायला येणार आहे. त्या कंपनीचा अहवाल मी एक्सचेंजच्या साइटवरून उतरवून घेतलाय, आणि कर्जाच्या पानांवर खुणा करून ठेवल्यात. तोवर काही घेऊ नकोस, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.