फिनलंडने खरंच ‘फुकट पैसे’ वाटले का?

लाडकी बहीण योजनेवरून वाद पेटला की कुणीतरी हमखास फिनलंडचा दाखला देतं. एक म्हणतो, तिथे सगळ्यांना घरबसल्या पैसे मिळतात. दुसरा म्हणतो, देऊन बघितले, फसलं, बंद केलं. दोन्ही चूक.

युहा सिपिला पंतप्रधान असताना जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळात फिनलंडने काही बेकारांना दरमहा ठरावीक रक्कम विनाअट देऊन बघितली, तोच हा प्रयोग. मुदत कायद्यातच दोन वर्षांची होती. ती संपली, प्रयोग संपला. तिथल्या सरकारी सामाजिक विमा संस्थेकडून बेकारभत्ता घेणाऱ्या २५ ते ५८ वयाच्या लोकांतून २,००० जणांची चिठ्ठी काढली. नकार द्यायची सोय नव्हती, कारण हौशी तेवढेच आले असते तर तुलनेला अर्थच उरला नसता. तुलना होती उरलेल्या सुमारे १,७३,००० जणांशी.

रक्कम महिना ५६० युरो, करमुक्त. किमान बेकारभत्ता तेव्हा दिवसाला ३२.४० युरो, आठवड्याचे पाच दिवस. त्यातून २० टक्के कर वजा केला की हातात साधारण एवढेच पडत. म्हणजे वाढवून काहीच दिलं नव्हतं. फरक होता तो कापाकापीचा. समजा कुणाला हॉटेलात थोडे दिवस काम मिळालं आणि त्याने १,००० युरो कमावले. नेहमीच्या नियमाने पहिले ३०० माफ, पुढच्या ७०० च्या निम्मे, म्हणजे ३५० युरो, भत्त्यातून जायचे. शिवाय पगाराचा कागद जोडा आणि हिशेब होईपर्यंत वाट बघा. प्रयोगातल्या माणसाचे ५६० मात्र तसेच राहायचे.

कागदावर हे छान दिसतं, पण घरभाड्याची मदत जुन्याच नियमाने चालू होती. पगार वाढला की ती घटायची. पदरात मुलं असणाऱ्यांना मुलांपोटीची वाढीव रक्कम हवी असेल तर पुन्हा बेकारभत्त्याचा अर्ज करावा लागे, आणि त्यामागून सगळ्या अटी. आयकराला तर हातच लावला नव्हता. सगळ्या नागरिकांना असे पैसे द्यायचे तर कर वाढवणं अटळ, आणि तो भाग तपासलाच गेला नाही.

अंतिम निकाल मे २०२० मध्ये आला. नोव्हेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात प्रयोगातले लोक सरासरी ७८ दिवस कामावर होते, इतरांपेक्षा सहा दिवस जास्त. त्यातही जानेवारी २०१८ पासून बेकारांसाठी नवा नियम आला होता: तीन महिन्यांत किमान १८ तास काम किंवा पाच दिवस प्रशिक्षण, नाहीतर भत्त्यात ४.६५ टक्के कपात. हा नियम दोन्ही गटांवर सारखा लागू पडला नाही, त्यामुळे सहा दिवसांचं श्रेय नेमकं कुणाला, हे सांगणं कठीण. जीवनातलं समाधान प्रयोगातल्यांचं दहापैकी ७.३, तर इतरांचं ६.८ आलं, पण सर्वेक्षणाला उत्तर दिलं जेमतेम २३ टक्क्यांनी.

पैसे दिले की माणूस आळशी होतो, या भीतीला इथे आधार सापडत नाही. पण हे सगळे आधीच बेकार होते. नोकरदार नोकरी सोडेल का, हा प्रश्न विचारलाच नव्हता. लाडकी बहीणशी थेट तुलनाही जमत नाही. तिथे वयाची अट आहे, अडीच लाखांच्या कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की १,५०० रुपये निम्मे होत नाहीत, पूर्णच जातात. तुलना करायचीच तर ती या कापण्याच्या पद्धतीची करावी.

फिनलंड स्वतः मात्र उलट्या दिशेने गेलं. एप्रिल २०२४ पासून ३०० युरोंची माफीच रद्द झाली. आता त्याच १,००० युरोंवर ५०० कापले जातात.