चावऱ्या मुलाला सांगावे तरी काय?

दीड ते तीन वर्षांचे मूल चावते, बोचकारते किंवा हाताला लागेल ते फेकते, तेव्हा त्यात दुष्टपणा शोधू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या वयात हवे-नको पक्के कळत असते, पण ते सांगायला शब्द पुरत नाहीत. शिवाय आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशी उलटावी लागते.

माझा भाचा सव्वादोन वर्षांचा आहे. त्याच्या डंपरला चुलत बहिणीने हात लावला की तो तिच्या दंडाला कडकडून चावायचा. अशा वेळी त्याची आई आधी त्या रडणाऱ्या मुलीला जवळ घेते, मग खाली बसून त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणते, "चावायचं नाही. ताईला दुखतं. डंपर हवा तर 'माझा' म्हण." एवढेच, व्याख्यान नाही. हल्ली तो "माजा!" असे घर दणाणून सोडतो, पण दात लावत नाही, आणि मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो. हे प्रकार बहुधा दुपारची झोप हुकलेल्या दिवशी, संध्याकाळी घडतात हे ध्यानात आल्यावर तिने त्याचा वरणभातही लवकर भरवायला सुरुवात केली.

खरी अडचण मोठ्यांची असते. "तूही एकदा चावून दाखव, म्हणजे कळेल," हा सल्ला देणारे प्रत्येक घरात भेटतात. मूल पडले की "हात्त रे!" म्हणत फरशीला चापटी मारून त्याला शांत करण्याची आपली रीत तर इतकी अंगवळणी पडली आहे, की दुखले तर कोणाला तरी मारायचे असते हा धडा आपणच देतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बागुलबुवाची भीती आणि चॉकलेटचे आमिष यांनी रडणे तेवढ्यापुरते थांबते, पण पुढच्या वेळी काय करायचे हे मुलाला कळत नाही. गुजरातेतल्या भावनगरच्या बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक 1920 च्या दशकातच शिक्षा आणि आमिष या दोन्हींना नकार देत होते. आपल्या घरांना मात्र ते अजून पचलेले नाही.

तीन वर्षे उलटल्यावरही चावणे वारंवार होत असेल, किंवा बोलणे बरेच मागे पडलेले दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणीही करून घ्यावी.