मॅटिसन पलीकडे गेला

शनिवार, 12 जानेवारी 2019, अ‍ॅन आर्बर

सकाळी पेपर उचलायला बाहेर गेले तर शेजारच्या आजोबांच्या दारातला झेंडा गायब. निळ्यावर पिवळा 'एम', आमच्या गावातल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा. नोव्हेंबरात हाडवैरी ओहायो स्टेट विद्यापीठाकडून 62–39 असा सडकून मार खाल्ला, तेव्हाही तो उतरला नव्हता. मला वाटलं धुवायला टाकला असेल. तर आजोबा जे काही म्हणाले त्याला मराठीत सुतक हाच शब्द आहे.

सुतक ग्रेग मॅटिसनचं. माणूस ठणठणीत आहे, 69 वर्षांचा. फक्त मिशिगन सोडून ओहायो स्टेटला गेला. एकटा नाही, लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या पोरांचा कोच अल वॉशिंग्टनही त्याच आठवड्यात तिकडेच. दोघंही सहाय्यक कोच. अशा एकेका संघात दहा सहाय्यक असतात, ते दरवर्षी इकडचे तिकडे होतच असतात आणि एरवी त्याची बातमी चार ओळींची. पण हे ओहायो.

लेकाचा हॉस्टेलवरून फोन. "आई, सूर्याजी पिसाळ!" मंडळाच्या मराठी शाळेत मीच शिकवलेला सूर्याजी पिसाळ. त्याच्यावरचा तो डाग खरा की लादलेला यावर वाद आहे, हे तेव्हा शिकवायचं राहिलं. चूक माझी.

या खेळाला फुटबॉल का म्हणतात ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही, पण कबड्डी कळते. चढाईला येणारा कुठल्या पायावर वळतो, दमला की कुठल्या बाजूला तोंड करतो, हे ज्याला ठाऊक त्याला बाकी काही सांगावं लागत नाही. मॅटिसन इथे पुढच्या फळीतल्या आडदांड पोरांना शिकवायचा. कॉलेजच्या खेळात अजून तरी हेल्मेटमध्ये रेडिओ नाही, डाव कडेने हातवारे करून किंवा चित्रांचे फलक धरून सांगतात. खुणा काय, एका रात्रीत बदलता येतात. पण कुठला पोरगा चौथ्या भागात ढिला पडतो, कोणाचा गुडघा अजून धरतो, हे कसं बदलणार? शिवाय भरतीसाठी हेच कोच पोरांच्या घरी जाऊन आईबापांसमोर बसतात. लेक म्हणतो, खरा राग त्याचा आहे. काल ज्या सोफ्यावर बसून 'मिशिगनसारखं दुसरं नाही' म्हणाला, त्याच सोफ्यावर उद्या काय म्हणणार?

आजोबांचं दुखणं मात्र वेगळं. ओहायोला शेवटचं हरवलं ते 2011 साली, 40–34. तेव्हा बचावाची सगळी सूत्रं कोणाकडे होती? मॅटिसनकडेच. पुढे मुख्य कोच म्हणून हारबॉ आला, 2016 ला बचावाची सूत्रं घ्यायला डॉन ब्राऊन आला, मॅटिसन एका फळीचा कोच म्हणून राहिला. आता ओहायोने त्याला पुन्हा सूत्रं दिलीत, निम्मी का होईना. साठी-सत्तरीच्या माणसाला कुणी म्हटलं की या, पुन्हा वरच्या खुर्चीत बसा, तर तो नाही म्हणेल? मी हे बोलून दाखवलं तर आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या अंगणात ओहायोचे लाल कपडे वाळत घातलेत.

वॉशिंग्टनला मात्र ते फारसं बोलत नाहीत. तो मूळचा कोलंबसचा, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावचा, बाप ओहायो स्टेटकडूनच खेळलेला. म्हणजे तो माहेरी गेला, आणि मॅटिसन पळून गेला. एकच कृत्य, दोन निकाल. आपल्याकडच्या बायकांना ही न्यायपद्धत नवीन नाही.

नवरा हे सगळं ऐकत चहा पीत होता, बोलला काहीच नाही. मला 2012 ची ती दुपार आठवली. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी सोडून तो समोरच्या, तेच भाग करणाऱ्या कंपनीत निघाला होता. राजीनामा दिल्यावर बॅज काढून घ्यायला तासही लागला नाही. मी न्यायला गेले तर पार्किंगमध्ये पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभा, आणि मागे दहा पावलांवर सिक्युरिटीवाला, खोका गाडीत जाईपर्यंत. खोक्यात डबा, स्वेटर, मुलाने शाळेत केलेला मातीचा कप. गणपती सगळ्यात वर, कारण खाली ठेवला तर सोंड मोडेल. चौदा वर्षं नोकरी. ज्यांच्या घरी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जात होतो त्यांनी त्या वर्षी बोलावलं नाही. भांडण वगैरे काही नाही. फक्त बोलावलं नाही.

दुपारी कोलंबसची मैत्रीण फोनवर. सांगलीपासूनची मैत्री, आता मध्ये गाडीने तीन तास. पुणे-सोलापूरपेक्षा थोडं जास्तच. "दोन मासे लागले गं गळाला," म्हणाली. चिडले, पण हसूही आलं. तिच्या गावात तर मिशिगनचं नावही घेत नाहीत, 'ती वरची टीम' म्हणतात. सामन्याच्या आठवड्यात कॉलेजच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. त्यांचा जुना कोच वुडी हेज याच्याबद्दल सांगतात की गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी मिशिगनमध्ये भरलं नाही, हद्दीपर्यंत ढकलत नेईन म्हणाला. खरं-खोटं देव जाणे.

पण वुडीवरून आठवलं ते संध्याकाळी आजोबांना विचारलंच. ज्यांचं नाव काढलं की तुम्ही टोपी काढता ते मिशिगनचे जुने कोच बो शेम्बेक्लर आले कुठून? वुडीचेच शिष्य, ओहायो स्टेटमध्ये त्याच्याच हाताखाली पाच वर्षं सहाय्यक. 1969 ला मिशिगनमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी गुरूला 24–12 ने आडवं केलं. तेव्हा कोलंबसात त्यांना काय म्हटलं असेल?

आजोबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, बो सरळ नाही आला, मध्ये सहा वर्षं मायामीला होता. तेही ओहायोतलंच कॉलेज, पण ते मी बोलले नाही. मधल्या सहा वर्षांत गंगास्नान झालं म्हणायचं.

शनिवार, 30 नोव्हेंबर 2019

हरलो. 56–27, तेही घरच्या मैदानावर, एक लाखावर माणसांसमोर. मध्यंतरापर्यंत 28–16 होतं, मला वाटलं होतं होईल काहीतरी. नंतर त्यांचा तो डॉबिन्स चेंडू घेऊन पळतच सुटला. 211 यार्ड, चार टचडाउन. ओहायोकडून सलग आठवी हार.

लेक स्टेडियमवरून थेट घरी आला, बूट दारातच भिरकावले. "त्याला आपली सगळी पोरं पाठ होती, आई." नवऱ्याने कांदा चिरता चिरता, या विषयावर वर्षात पहिल्यांदाच, तोंड उघडलं. "गेल्या वर्षी 62 बसले तेव्हा मॅटिसन आपल्याकडे होता. या वर्षी तिकडे आहे, तर 56. सहा कमीच." लेक बघतच राहिला. मग दोघं हसायला लागले, कांद्यामुळे की कशामुळे कोण जाणे, डोळे पुसत.

आजोबांचा झेंडा दारात आहे. सप्टेंबरात परत लावला होता, अंधार पडला तरी आज काढलेला नाही. मी खिचडीचा डबा द्यायला गेले तर टीव्ही बंद करून बसले होते. डबा घेतला आणि नवऱ्याची चौकशी केली, नवीन कंपनीत बरं चाललंय ना? सात वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी नवीनच. बरं चाललंय म्हटलं.

घरी आले तर मैत्रिणीचा मेसेज. वाटलं डिवचलं असेल. पण या आठवड्यात तिने 'म' सुद्धा सोडलेला नाही:

"×न लहान करू नकोस. जे×ण झालं की ×ला फोन कर."

जेवणात 'म' नसतो हे सांगायला लगेच फोन लावला.