'पंच'चं खोकं पुन्हा उघडलं

मागच्या नोंदीत इंग्रजी 'पंच' या शब्दाच्या चारही अर्थांची कार्डं लागली, म्हणजे प्रत्येकाचं मूळ ठरलं, असं लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय.

तीन पक्की आहेत. भोक पाडायचा पंच आणि ठोशाचा पंच, दोघंही लॅटिन 'पुंगेरे' म्हणजे टोचणे या धातूच्या घरातले. बाहुल्यांच्या खेळातला मिस्टर पंच म्हणजे इटालियन पुल्चिनेल्ला. अडलंय ते पेयाचं कार्ड.

अरक नावाची दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. मोजा पाच, म्हणून 'पंच', झालं, असं आपण डोळे झाकून सांगतो. हिंदुस्तानात फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या 1698 च्या पुस्तकातही तेच आहे. घोडं अडतं स्वरावर. पेयाची नोंद 1632 पासून मिळते, आणि तोवर इंग्रजी 'यू' ऱ्हस्व 'उ'सारखाच बोलला जायचा. 'कप', 'कट' यांतला आजचा स्वर सतराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास आला. मग 'पंच' ऐकून 'यू' कोण लिहील? खुद्द फ्रायर हिंदुस्तानी आकडा लिहिताना 'ए-यू' घालतो. तो 1675 मध्ये जुन्नरला येऊन गेला होता, पण म्हणून आपली बाजू बळकट होत नाही: मराठी 'पाच'मध्ये 'न' नाहीच. हिंदीच्या 'पाँच'मध्ये अनुनासिक आहे, पण स्वर दीर्घ.

दुसरा दावेदार 'पंचन' नावाचं दारूचं पिंप. खलाशांनी शेपूट तोडलं की 'पंच'. स्वर चपखल बसतो, पण पिंपापासून प्याल्यापर्यंत नेणारं एकही अवतरण खोक्यात नाही. नुसत्या स्वरावर कार्ड लावायचं नाही, हा आपलाच नियम.

मधल्या काळात 'कटलेट' मात्र सुटलं. कँपातल्या इराण्याकडच्या बशीतल्या त्या ऐवजाचा 'कट'शी काडीचा संबंध नाही. फ्रेंच 'कोतलेत', मूळ लॅटिन 'कोस्ता', बरगडी. किनाऱ्याचा 'कोस्ट' त्याचा सख्खा भाऊ! 'मंगूस'ही बंद: आपलं मुंगूस, त्यात 'गूस' म्हणजे हंस कुठेच नाही, म्हणून अनेकवचनात 'गीस' करायचं नाही.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी चटकन बघायला ठीक, पण अशा भांडणात तिच्यातलं नुसतं साल कामाचं नाही. अवतरणातलं मूळ स्पेलिंग हवं, आणि त्यासाठी ओईडीला, म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला, पर्याय नाही. तीन बाय पाचच्या कार्डावर वरच्या ओळीत ते स्पेलिंग जसंच्या तसं, उजव्या कोपऱ्यात साल. अंदाजाचा उच्चार पेन्सिलीनेच, तो बदलतो.

हे लिहितानाच सुचलं: एकट्या 'पंच'वर डोकं आपटण्यापेक्षा 1660 पूर्वी इंग्रजीत गेलेले आपल्याकडचे सगळे 'अ' आणि 'आ'वाले शब्द काढावेत. इंग्रजांच्या इथल्या वखारींच्या पत्रांचे विल्यम फॉस्टरने काढलेले 'इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया'चे खंड 1618 पासून सुरू होतात. बरीच पत्रं सारांशरूपात आहेत, तेव्हा अवतरणचिन्हांतलंच स्पेलिंग धरायचं.

म्हणजे पुढच्या महिन्याचा 'चॉप' (शिक्का या अर्थाचा) आधी घ्यावा लागणार. 'छाप'चा 'चॉप' सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाला, दीर्घ 'आ'चा सरळ 'ओ'. मग 'पाँच'चा 'पॉन्च' का झाला नाही?