तणांची वही: केना निम्म्यावर

या वहीत मी तणांची चित्रं काढतेय. सध्या हाती असलेल्या केन्याची पानं, खोड आणि पेरांना फुटलेली मुळं रंगवून झाली. फुलं आणि जमिनीखालचा भाग बाकी आहे. आंबुशी आणि लव्हाळा याआधीच पूर्ण झालेत.

केन्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत कोमेजून गोळा होतं. त्यामुळे इथे आधी रंग, मग रेषा. फूल ताजं असतानाच निळ्याच्या छटा वेगळ्या कागदावर लावून घेते, डिव्हायडरने (दोन टोकदार पायांच्या कंपासाने) मापं टिपते, बाकीचं निवांत. अल्ट्रामरीनमध्ये किंचित कोबाल्ट व्हायोलेट मिसळलं की बरंच जवळ जाता येतं. ठसठशीत पाकळ्या दोनच. तिसरी खाली, इवलीशी, सहज नजरेतून सुटणारी. पानाचा बुडखा खोडाला गुंडाळलेला असतो आणि त्याच्या काठावर तांबूस केस. ते सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या बारीक ब्रशने. अळीने कुरतडलेलं एक पान मी मुद्दाम तसंच ठेवलंय.

खरी गंमत मात्र मातीखाली आहे. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात: पांढुरकी, कधीच न उमलणारी, मिटल्या मिटल्या स्वपरागण होऊन बी धरणारी. शिवाय तुटलेल्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला, तर पेरापासून पुन्हा मुळं धरतो. लोक या झाडाला वैतागतात ते याच गुणांमुळे. चित्रातून तेच गाळलं तर उरतं एक गोंडस निळं फूल, आणि तशी फुलं काढायला तणाच्या वाटेला जायची गरज नाही. म्हणून आता रोप मुळासकट काढून, माती भिजवून हलक्या हाताने धुतेय. खेचलं की जमिनीखालच्या फुलांच्या नाजूक फांद्या तुटतात.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ साली रंगवलेला गवताचा तुकडा परत परत बघते. तिथेही काही मुळांवरची माती सारून ती उघडी दाखवली आहेत. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिसचं नशीब मात्र वेगळं. अठराव्या शतकात त्याने लंडनच्या आसपासच्या रानवनस्पती 'फ्लोरा लोंडिनेन्सिस'मध्ये मोठ्या निगुतीने छापल्या आणि पैशाने बुडाला. मग १७८७ मध्ये बागेतल्या देखण्या फुलांचं 'बोटॅनिकल मॅगझीन' काढलं, ते चाललं आणि अजून निघतंय. आपण ज्याला पैसे मिळाले नाहीत त्या बाजूला आहोत, हे मनाशी पक्कं असलेलं बरं!

यानंतरचं तण एकदांडी. कडेच्या फिक्या फुलांची तीन दातांची टोकं सोपी आहेत. अडचण तिच्या बीवरच्या पिसासारख्या केसांची. पांढऱ्या कागदावर पांढरे केस दाखवायला मागे हलका राखाडी वॉश (पातळ रंगाचा हात) द्यावा, की मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरावं? मला वॉश पटतो, पण त्याने बाकीचा कागद मळकट दिसेल अशी धास्ती आहे. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.